दुकानात पुराचे पाणी शिरल्यावर: पंचनाम्यापासून बँक खात्यापर्यंत

पुराचे पाणी उतरले की दुकानदार शटर वर करतो, आतला गाळ पाहतो आणि फावडे हातात घेतो. गाळ वाळून घट्ट होण्याआधी तो काढायला हवा असतो, भिजलेल्या धान्याला दुसऱ्याच दिवशी वास सुटतो आणि कचरा उचलणारा नगरपरिषदेचा ट्रॅक्टर उद्या पुन्हा आपल्या गल्लीत येईल याची खात्री नसते. त्यामुळे ही घाई समजण्यासारखी आहे. पण सानुग्रह अनुदान, म्हणजे आपत्तीनंतर सरकार स्वेच्छेने देते ती मदत, ठरते ते पंचनाम्यावर, आणि पंचनाम्यासाठी कर्मचारी दारात येतो तेव्हा पुष्कळ दुकाने धुऊन पुसून स्वच्छ झालेली असतात. हिशेब लिहिण्याच्या निमित्ताने मी काही दुकानदारांचे असे अर्ज भरून दिले आहेत. त्यांत अडलेली प्रकरणे पाहिली तर पैसे नसल्यामुळे अडलेली फार थोडी निघतात; बहुतेक पहिल्या दोन दिवसांत न केलेल्या कागदांमुळे अडलेली असतात.

हे पैसे कोठून येतात

नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत ही मदत स्वतःच्या तिजोरीतून देत नाही. राज्य सरकार शासन निर्णय काढते, जिल्हाधिकाऱ्यांकडे निधी येतो, तहसील कार्यालय याद्या तयार करते आणि पंचनामा तलाठी, म्हणजे नव्या पदनामानुसार ग्राम महसूल अधिकारी, करतो. शहरात त्याच्याबरोबर नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा कर्मचारी असतो, गावात ग्रामपंचायत अधिकारी असतो. दुकानदाराचा संबंध येतो तो याच शेवटच्या पायरीशी, म्हणून ‘नगरपालिकेचे पैसे’ असे सर्रास म्हटले जाते.

यातील एक बारकावा आधीच समजून घेतलेला बरा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ अन्वये राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो आणि त्यातून कशासाठी किती खर्च करायचा याचे निकष केंद्र सरकार ठरवते. घर पडले, जनावर दगावले, शेतजमीन खरडून गेली, बोट फुटली, या सर्वांना त्यात जागा आहे. दुकानातील मालाला नाही. त्यामुळे दुकानदारांची मदत राज्य सरकार स्वतःच्या पैशातून देते आणि त्यासाठी प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर स्वतंत्र निर्णय व्हावा लागतो. मागच्या पुरात मिळाली म्हणून या वेळीही मिळेलच असे गृहीत धरता येत नाही, आणि मिळाली तरी अटी त्याच असतील असे नाही. आपल्या पुराचा शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि त्याचे परिशिष्ट स्वतः वाचावे. चौकातल्या चर्चेवर आणि फिरत्या संदेशांवर विसंबू नये.

कारागिरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. हस्तकला आणि हातमाग कारागिरांसाठी प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांमध्येच तरतूद होती: खराब झालेल्या अवजारांसाठी ५,००० रुपये आणि कच्च्या, अर्धवट किंवा तयार मालासाठी ५,००० रुपये. गणपतीच्या मूर्ती भिजलेला मूर्तिकार किंवा चाक आणि भट्टी गेलेला कुंभार यांनी ‘दुकानदार’ या सदरात बसण्याची धडपड करण्याआधी हे सदर पाहावे.

रकमेचे गणित

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर बुडाल्यावर छोट्या व्यावसायिकांसाठी नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५०,००० रुपये, हे सूत्र आले. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड पाण्याखाली नेले, त्यानंतर ३ ऑगस्टला मंत्रिमंडळाने ११,५०० कोटी रुपयांचा आराखडा मान्य केला. त्यात दुकानदारासाठी प्रत्यक्ष नुकसानीच्या ७५ टक्के किंवा ५०,००० रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम, आणि टपरीधारकासाठी ७५ टक्के किंवा १०,००० रुपये यांपैकी कमी असेल ती, असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये नाग नदीचे पाणी नागपुरात शिरले तेव्हाही दुकानाला ५० हजारांपर्यंत आणि टपरीला १० हजारांपर्यंत हेच आकडे जाहीर झाले, आणि ऑक्टोबर २०२५ च्या अतिवृष्टीच्या पॅकेजमध्येही दुकानदारांसाठी ५० हजारांचाच आकडा होता. महागाई कोठल्या कोठे गेली, हा आकडा मात्र २०१९ पासून हललेला नाही.

या सूत्रातून एक उपयोगी गोष्ट निघते. ७५ टक्क्यांनी ५०,००० रुपये व्हायला नुकसान सुमारे ६६,७०० रुपये असावे लागते. त्यापुढे नुकसान दोन लाखांचे असो की वीस लाखांचे, हातात पडणारी रक्कम तीच. टपरीसाठी हा आकडा सुमारे १३,३०० रुपये आहे. किराणा, कापड किंवा औषधांच्या दुकानात कंबरभर पाणी शिरले की ६६ हजारांची मर्यादा खालच्या दोन फळ्यांतच ओलांडली जाते. अशा दुकानदाराने अनुदानासाठी आकडा फुगवण्यात काडीचाही लाभ नाही. उलट एखादी खोटी ओळ सापडली तर खऱ्या ओळींवरही शंका घेतली जाते. त्याने आपली शक्ती ‘मी या मदतीला पात्र आहे’ हे सिद्ध करण्यावर खर्च करावी. ज्याचे नुकसान ४०,००० रुपयांचे आहे त्याला मात्र प्रत्येक हजारामागे साडेसातशे रुपये मिळणार असतात, म्हणून वस्तूवार यादीची खरी गरज त्यालाच असते. विम्यासाठी आणि करासाठी पूर्ण आकडा दोघांनाही लागतो, त्याविषयी पुढे येईलच.

पात्रता, आणि तिथे होणारी अडचण

२०२१ च्या निर्णयात मदतीसाठी दुकानदार स्थानिक रहिवासी असावा, त्याचे नाव मतदार यादीत असावे, त्याच्याकडे शिधापत्रिका असावी आणि दुकान अधिकृत, नोंदणीकृत व परवानाधारक असावे, अशा अटी होत्या. वाचायला साध्या वाटतात. पण बाजारपेठेच्या गावात ज्याचे दुकान मुख्य रस्त्यावर आहे त्याचे घर आणि मत दहा-पंधरा किलोमीटरवरच्या गावी असते, हे बाजारपेठेत वावरणाऱ्या कोणालाही माहीत आहे. अशा माणसाचा माल बुडतो या गावात आणि शिधापत्रिका असते दुसऱ्या गावात. ‘स्थानिक’ म्हणजे नेमके कोठले, याचा अर्थ प्रत्येक कार्यालय आपापल्या परीने लावते, आणि माझ्या मते या अटीने बनावट लाभार्थी जितके रोखले त्यापेक्षा खरे दुकानदार जास्त अडवले. अट बदलेपर्यंत करता येण्याजोगे एवढेच: त्याच तालुक्यातील किंवा जिल्ह्यातील रहिवासाचे पुरावे, दुकानाच्या पत्त्यावरील परवाना आणि वीजबिल एकत्र जोडून, आपण या ठिकाणी किती वर्षे व्यवसाय करतो हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहावे, आणि नाकारायचे असेल तर ते लेखी कारणासह नाकारावे अशी विनंतीही त्यातच करावी.

दुसरी अडचण गुमास्त्याची. जुन्या कायद्याखाली मिळणारा गुमास्ता परवाना, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा दाखला, भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला असे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने थोडे कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतून मोकळे केले. त्यांनी ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पोच घ्यायची, एवढेच. ही पोच म्हणजे परवाना नव्हे असे सांगून टेबलावरून कागद परत सारला गेल्याचे मी पाहिले आहे. वाद घालण्यापेक्षा तिच्या जोडीला दुसरा कागद द्यावा: उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र, खाद्यपदार्थांचा व्यवसाय असल्यास अन्न सुरक्षा नोंदणी, औषध दुकानाचा परवाना, जीएसटी प्रमाणपत्र, किंवा नगरपरिषदेने व्यवसायासाठी दिलेला कोणताही दाखला. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर विनाशुल्क होते, तिच्यासाठी एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही. मात्र ती पुरानंतरच्या तारखेची असेल तर पूर्वी व्यवसाय होता याचा पुरावा म्हणून तिचा उपयोग होत नाही, म्हणून हे काम पावसाळ्याआधी उरकावे.

टपरीधारक आणि हातगाडीवाले यांच्यासाठी पथविक्रेता कायदा, २०१४ अन्वये मिळालेले विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र सर्वांत भक्कम. ते नसेल तर पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात नाव असल्याचा दाखला, पीएम स्वनिधीचे कर्ज घेताना मिळालेले शिफारसपत्र आणि बाजार फीच्या पावत्या, जितक्या सापडतील तितक्या, जोडाव्यात. स्वनिधी हे कर्ज आहे, अनुदान नव्हे. पण त्या कर्जाच्या वेळी झालेली कागदपत्रे अशा वेळी कामी येतात.

भाड्याच्या गाळ्यात मालक आणि भाडेकरू यांची नावे सरमिसळ होतात. इमारतीचे नुकसान मालकाचे, मालाचे नुकसान भाडेकरूचे. पंचनाम्यात ‘भोगवटादार’ म्हणून आपले नाव लिहिले गेले की नाही हे सही करण्यापूर्वी पाहावे. भाडेकरार नोंदवलेला नसेल तर मालकाचे संमतीपत्र, भाडे दिल्याच्या बँकेतील नोंदी आणि दुकानाच्या पत्त्यावर आलेला जुना पत्रव्यवहार जोडावा.

गाळ काढण्यापूर्वीचा एक तास

शटर उघडल्यावर आत पाऊल टाकण्याआधी दारातूनच एक सलग चित्रफीत घ्यावी. सुरुवात रस्त्यावरून, दुकानाची पाटी आणि शेजारचे दुकान दिसेल अशी करावी, मग आत जावे. भिंतीवर पाण्याने सोडलेली तपकिरी रेघ असते. तिच्याशेजारी मोजपट्टी धरून एक छायाचित्र काढावे. जमिनीपासून चार फूट दोन इंच, असा आकडा त्यात दिसला की खालच्या किती फळ्या पाण्यात होत्या याविषयी नंतर कोणी वाद घालत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठिकाण आणि वेळ नोंदवण्याची सोय सुरू ठेवावी, आणि सर्व चित्रे त्याच दिवशी घरच्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर पाठवावीत.

त्यानंतर वस्तूंची यादी. ती वहीत, हाताने, फळीवार करावी. ‘किराणा माल, अंदाजे ८० हजार’ अशी एक ओळ लिहिणे आणि पुढीलप्रमाणे लिहिणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: ‘खालची फळी: तांदूळ २५ किलोची पोती ६, पूर्ण भिजलेली, खरेदी दर १,१५० रुपये, एकूण ६,९००, साखर ५० किलोचे पोते १, विरघळलेले, २,१००, वजनकाटा १, बंद, ४,५००.’ दर खरेदीचा लिहावा, विक्रीचा नव्हे. फ्रीज, काटा, फर्निचर, बिल छापण्याचे यंत्र वगैरे वस्तू मालापासून वेगळ्या लिहाव्यात, कारण विमा आणि बँक यांना त्या वेगळ्या लागतात. यादीच्या शेवटी तारीख, वेळ, आपली सही आणि शेजारच्या दोन दुकानदारांच्या सह्या घ्याव्यात.

नासका माल पंचनाम्यापर्यंत ठेवणे नेहमीच शक्य नसते, आणि अन्नधान्य, औषधे, मांस असे असेल तर ठेवूही नये. टाकण्यापूर्वी ढिगाचे छायाचित्र, पोत्यांची मोजणी, ट्रॅक्टरमध्ये भरतानाचे चित्र आणि प्रत्येक प्रकारातील एखादा नमुना (कापडाचा एक तागा, वह्यांचा एक गठ्ठा) बाजूला ठेवला म्हणजे पुरे. विमा असेल तर माल हलवण्यापूर्वी कंपनीला फोन करून दावा क्रमांक घ्यावा; सर्वेक्षक येण्याआधी माल गेला तर विम्याचा दावा अनुदानापेक्षा कितीतरी जास्त रकमेने कापला जाऊ शकतो.

बिले भिजली असतील तर ती फेकू नयेत. चिकटलेले कागद ओढून सोडवले की फाटतात. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये ठेवून मंद इस्त्री फिरवली तर शाई पुष्कळदा वाचण्याइतकी उरते. अगदीच लगदा झाला असेल तरी खरेदीचा माग शिल्लक असतो. ठोक व्यापाऱ्याच्या खात्यात आपला उतारा असतो, जीएसटी नोंदणी असल्यास पोर्टलवर पुरवठादारांनी भरलेली बिले जीएसटीआर-२बी मध्ये दिसतात, यूपीआयचा इतिहास बँकेतून निघतो आणि होलसेलवाल्याला पाठवलेल्या मागण्या फोनमधील संदेशांत असतात. गेल्या तीन महिन्यांची खरेदी अशा रीतीने उभी करता येते.

पंचनामा

पंचनाम्याचा कर्मचारी दिवसाला अनेक दुकाने करतो आणि त्याच्याजवळ वेळ थोडा असतो. आपली यादी, कागदपत्रांच्या छायाप्रती आणि छायाचित्रांचे प्रिंट यांचा एक संच पिनेने लावून तयार ठेवला तर तो त्याच्याही सोयीचा असतो. पाणी चढताना दुकान बंद करून घरी गेलात, आणि पंचनाम्याच्या दिवशी दुकान बंद सापडले, तर त्या गल्लीत पुन्हा कोणी येईलच असे नाही; स्वतः थांबता येत नसेल तर माहितीचा माणूस चावी घेऊन बसवावा.

सही करण्यापूर्वी पंचनामा वाचावा. आधारवरील नाव जसे आहे तसेच येथे आहे का, दुकानाचा मालमत्ता क्रमांक बरोबर आहे का, ‘दुकान’ लिहिले आहे की ‘टपरी’ (या एका शब्दाने ५० हजारांचे १० हजार होतात), पाण्याची उंची आणि ते किती काळ होते याची नोंद आहे का, नुकसानीची रक्कम अक्षरी आणि अंकी सारखी आहे का. पाणी किती तास साचलेले असावे याची अट काही निर्णयांत असते आणि काही वेळा ती शिथिल केली जाते, म्हणून वेळेची नोंद कधीही मोकळी सोडू नये. रक्कम पटत नसेल तर सही नाकारण्याऐवजी ‘रक्कम मान्य नाही, स्वतंत्र यादी जोडली आहे’ असे लिहून सही करावी, कारण सही नसलेला पंचनामा पुढच्या टेबलावर अपुरा ठरतो आणि तो पूर्ण करण्याची घाई आपल्याखेरीज कोणालाच नसते. शेवटी पंचनाम्याचे छायाचित्र घ्यावे.

दुकानामागच्या खोलीतच कुटुंब राहत असेल तर कपडे, भांडी आणि घरगुती वस्तूंसाठीची कुटुंबाची मदत हे वेगळे सदर आहे. घर आणि दुकान एकाच पंचनाम्यात बसवले की दोहोंपैकी एक गळते. स्वतंत्र पंचनाम्याचा आग्रह धरावा.

कोणीच आले नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तहसीलदारांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करावा, एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना किंवा ग्रामपंचायतीला द्यावी, आणि दोन्हींवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. तोंडी सांगितलेले काम पुराच्या गर्दीत कोणाच्याच लक्षात राहत नाही.

यादी, खाते आणि तक्रार

पंचनाम्यांवरून लाभार्थ्यांची यादी तयार होते. ती चावडीवर, नगरपरिषदेच्या फलकावर किंवा तहसील कार्यालयात लागली की आपले नाव, खाते क्रमांक आणि मंजूर रक्कम अशा तिन्ही गोष्टी पाहाव्यात. रक्कम थेट बँक खात्यात येते. दुकानाचे चालू खाते संस्थेच्या नावाने आणि आधार व्यक्तीच्या नावाने असल्याने येथे गफलत होते, म्हणून आधारशी जोडलेले वैयक्तिक बचत खाते देणे सुरक्षित. त्या खात्यात वर्षानुवर्षे व्यवहार नसतील तर आधी बँकेत जाऊन केवायसी करून ते पुन्हा सुरू करून घ्यावे. आधार प्रमाणीकरणासाठी विशिष्ट क्रमांक दिला गेला असेल तर तो घेऊन सेतू केंद्रात अंगठा द्यावा लागतो, त्याशिवाय रक्कम सुटत नाही. मदतीच्या रकमेतून बँकांनी थकबाकी वळती करू नये, असे मदतीच्या शासन निर्णयांत सहसा स्पष्ट लिहिलेले असते. बँकेने हप्ता कापला तर ती ओळ दाखवून लेखी तक्रार करावी.

नाव वगळले असेल तर आधी तहसीलदारांकडे लेखी हरकत. उत्तर आले नाही तर तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. याच्या जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज करावा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘मला मदत का नाही’ असा प्रश्न विचारला तर तो माहिती नव्हे म्हणून परत येतो. माझ्या दुकानाच्या पंचनाम्याची प्रत, प्रभागातील पात्र व अपात्र दुकानदारांची यादी आणि माझ्या अर्जावरील टिप्पणीची प्रत, अशी कागदांची नावे घेऊन मागणी करावी. अनुदान सानुग्रह असल्यामुळे ते नुकसानभरपाईसारखे हक्काने मागता येत नाही हे खरे, पण शेजाऱ्याला ज्या निकषावर मिळाले त्याच निकषावर आपल्याला का नाकारले, हे त्या कागदांवरून दिसते आणि हरकतीला धार येते.

अनुदानाबाहेरचे तीन हिशेब

ज्यांचे नुकसान लाखांत आहे त्यांच्यासाठी ५० हजार म्हणजे गाळ काढण्याची मजुरी आणि वायरिंग एवढेच. त्यांचा मोठा पैसा इतरत्र असतो. कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचे खेळते कर्ज, घेतले असेल तर तारण मालाचा विमा बहुधा बँकेनेच उतरवलेला असतो आणि हप्ता खात्यातून कापला गेलेला असतो. दुकानदाराला याची कल्पनाही नसते. पासबुकात विम्याच्या नावाची वजावट शोधावी, बँकेकडून पॉलिसीची प्रत मागावी आणि पुराचा धोका, मालाची जागा व रक्कम त्यात काय लिहिली आहे ते पाहावे. गोदामाचा पत्ता पॉलिसीत नसेल तर गोदामातील मालाचा दावा अडतो.

कर्जाच्या बाबतीत, नैसर्गिक आपत्तीत बाधित झालेल्या कर्जदारांच्या परतफेडीची पुनर्रचना बँकांनी कशी करावी याचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. ही सवलत आपोआप लागू होत नाही, अर्ज करावा लागतो, आणि तो खाते थकीत होण्याआधी करावा. अर्जासोबत पंचनाम्याची प्रत लागते.

तिसरा हिशेब कराचा, आणि तो बहुतेकांना वर्षअखेरीस अंगावर येतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार नष्ट झालेल्या, हरवलेल्या किंवा टाकून दिलेल्या मालावर घेतलेले इनपुट क्रेडिट उलटवावे लागते. म्हणजे पाच लाखांचे कापड वाहून गेले तर त्याच्या खरेदीवर वजा केलेला कर परत भरायचा. विमा कंपनीकडे दावा करताना हा कर नुकसानीत धरायचा की नाही हे यावर अवलंबून असते, म्हणून कर सल्लागाराशी बोलणे दावा भरण्यापूर्वी व्हायला हवे, नंतर नव्हे. गाळ काढण्यापूर्वी वहीत केलेली ती फळीवार यादी येथे पुन्हा लागते: उलटवायचा कर तिच्यावरूनच काढला जातो, आणि विमा कंपनीला दिलेला आकडा व विवरणपत्रातील आकडा एकमेकांशी जुळले नाहीत तर दोन्हीकडून खुलासा मागवला जातो.